रणभूमी, गढी आणि हुतात्मा स्मारके : नांदेड-लातूर परिसराचा अभ्यास

पुण्याजवळ खडकी येथे राष्ट्रकुल युद्धस्मशानभूमी आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ मृतांची दफने असून पश्चिम व मध्य भारतात विखुरलेली अनेक थडगी एकत्र आणून ही भूमी तयार करण्यात आली. एका उंचीच्या, एका घडणीच्या शिळा रांगेने उभ्या आहेत. प्रत्येक शिळेवर नाव, पलटण, मृत्यूची तारीख व बहुधा वय कोरलेले आढळते. सेनापतीची शिळा मोठी आणि शिपायाची लहान असा भेद तेथे नाही. नोंदवहीत नाव शोधले की रांग आणि क्रमांक सापडतो. सहलीसाठी खडकीस गेलेला विद्यार्थी, इतिहासातून दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी, एवढे निश्चित पाहून येतो की मेलेल्या माणसाची नोंद ठेवणे हे एक काम आहे आणि ते नेटाने करता येते.

मराठवाड्यात अशी युद्धस्मशानभूमी नाही. परंतु युद्धे येथे झाली, वेढे पडले, गढ्या लढल्या आणि अगदी अलीकडे, १९४६ ते १९४८ या काळात, खेडोपाडी माणसे मारली गेली. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत अशी स्थळे एक दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत. ती पाहावयाची कशी, तेथे शोधावयाचे काय आणि त्यांच्या संबंधात ग्रामपंचायतीने व शाळेने कोणती कामे हाती घ्यावीत, याचा विचार येथे केला आहे.

उदगीर : सापडत नसलेली रणभूमी

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात उदगीरची लढाई एका ओळीत येते : ३ फेब्रुवारी १७६०, सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. साहजिकच विद्यार्थी उदगीरच्या किल्ल्यात येतात आणि लढाई कोठे झाली असे विचारतात. किल्ला भव्य आहे, खंदक खोल आहे, तटावर फारसी-अरबी शिलालेख आहेत, आत उदागीर बाबांची समाधी आहे. पण लढाईची जागा म्हणून दाखविण्यासारखा एकही दगड तेथे नाही. तो नसण्याचे कारण समजून घेणे हाच या भेटीचा खरा पाठ होय.

१७५९ मध्ये अहमदनगरचा किल्ला किल्लेदार कवी जंगाला फितवून पेशव्यांनी घेतला. त्यावरून सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांच्याशी युद्ध जुंपले. भाऊसाहेब फौजेनिशी मराठवाड्यात उतरले. बरोबर तरुण विश्वासराव होते. निजामाची फौज उदगीरच्या आसपास होती आणि तिची कुमक धारूरच्या बाजूस होती. धारूर गाठून दोन्ही फौजा एक व्हाव्यात हा निजामाचा हेतू होता, तर त्या एक होऊ द्यावयाच्या नाहीत हा भाऊसाहेबांचा. निजामाच्या सैन्याने बाजारबुणगे, रसद आणि तोफा मध्यभागी घेऊन चौफेर पायदळ ठेवले व चालता गोल करून वाटचाल सुरू केली. मराठी स्वारांनी या गोलाला वेढा दिला, दाणावैरण तोडली आणि रोज थोडेथोडे झोंबत राहिले. निर्णायक हल्ला झाला तो औशाच्या परिसरात. म्हणजे 'उदगीरची लढाई' ही एका मैदानातील नसून उदगीरहून औशाकडे जाणाऱ्या वाटेवर अनेक दिवस चाललेली झुंज होती. अशा लढाईचे स्मारक एका ठिकाणी उभारता येणे कठीणच. विद्यार्थ्यांना नकाशा देऊन उदगीर, औसा आणि धारूर ही तीन ठिकाणे जोडावयास सांगितली, तर दहा मिनिटांत सारी मोहीम उलगडते. किल्ल्याच्या बुरुजावर तासभर व्याख्यान देऊन ती उलगडेलच असे नाही.

या युद्धात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पायदळाने आणि तोफखान्याने मोठी कामगिरी केली. फ्रेंच सेनानी बुसीच्या पद्धतीने तयार झालेला हा सरदार पूर्वी निजामाच्याच चाकरीत होता. गोल बांधून चालणाऱ्या फौजेवर केवळ स्वारांच्या हल्ल्याचा परिणाम मर्यादित असतो, तोफांचा मात्र भयंकर होतो. ही गोष्ट भाऊसाहेबांच्या मनावर कायमची ठसली असावी. तहात सुमारे साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर यांसारखी स्थळे मराठ्यांस मिळाली. विजयी फौज परतूरला असतानाच, १० जानेवारीस बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी आली आणि तेथूनच मार्च १७६० मध्ये उत्तरेची स्वारी निघाली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर भाऊसाहेबांनी तोफखाना आणि गोल यांवर जो भरवसा ठेवला, त्याचे मूळ उदगीर-औशाच्या या वाटेवर शोधणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. लातूर जिल्ह्यातील विद्यार्थ्याला पानिपत ही दूरची गोष्ट वाटते; तिचा आदला अंक त्याच्याच तालुक्यात घडला, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

औशाचा किल्ला पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा भुईकोट सखल जागी आहे; भोवतालची जमीन उंच. दुरून तो नजरेत भरत नाही. दुहेरी तट, खंदक आणि आतील पाण्याची सोय यांवर त्याची भिस्त होती. १६३६ मध्ये शाहजहानचा सरदार खान दौरान याने उदगीर आणि औसा ही दोन्ही ठाणी घेतली, तेव्हा वेढ्याचे युद्ध या तटांनी पाहिले. नांदेड जिल्ह्यातील कंधारचा किल्ला याहून जुना, राष्ट्रकूटकाळाशी नाते सांगणारा. तोही १६३१ मध्ये मोगलांच्या हाती गेला. तिन्ही किल्ल्यांचे खंदक एकामागून एक पाहिले तर भुईकोटाचे शास्त्र पुस्तकाविना समजते.

नाव्हा : पलटणीने जपलेले नाव

हदगाव तालुक्यातील नाव्हा हे गाव पुष्कळांना ठाऊक नाही. भारतीय सैन्याच्या कुमाऊं रेजिमेंटच्या जुन्या युद्धसन्मानांत मात्र नागपूर, महिदपूर यांच्या जोडीला 'नोव्हा' हे नाव आहे. डोंगराळ उत्तराखंडातील जवानांच्या पलटणीशी पैनगंगेकाठच्या मुलखाचा संबंध कसा, हे कोडे सोडविले की एक विसरलेले युद्ध हाती लागते.

हटकर नाईकांपैकी नोवसाजी नाईक यांनी निजामाच्या आणि त्याच्या पाठीशी असलेल्या इंग्रजांच्या सत्तेविरुद्ध या भागात उठाव केला. नाव्ह्याची गढी हे त्यांचे ठाणे होते. गढीच्या शिबंदीत अरब शिपायांचा मोठा भरणा होता. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमन याच्या हुकमतीखाली निजामाच्या कवायती फौजेने गढीला वेढा घातला. मोर्चे बांधणे, सुरुंग लावणे, आतून होणारे छापे परतविणे यांत तीन आठवड्यांहून अधिक काळ गेला. अखेर ३१ जानेवारीस सुरुंगाने तट फोडून हल्ला करण्यात आला आणि गढीतील शिबंदीपैकी बहुतेक लोक लढतालढता मारले गेले. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्या पलटणी या वेढ्यात होत्या, त्यांना पुढे 'नोव्हा' हा सन्मान मिळाला. पलटणींची पुनर्रचना होता होता तो हैदराबाद रेजिमेंटकडे आला आणि १९४५ मध्ये त्याच रेजिमेंटला कुमाऊं हे नाव मिळाले.

वेढा घालणाऱ्यांची नावे, हुद्दे, जखमींचे आकडे हे सारे इंग्रजी कागदपत्रांत आहे. गढीत मेलेल्यांची नावे कोठेही नाहीत. त्यांची आठवण समाजाने तोंडी परंपरेने जपली. जिंकणाऱ्याच्या दप्तरावरून हरणाऱ्याचा इतिहास लिहावा लागतो तेव्हा काय निसटते, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना समजावून द्यावयाचे असेल तर नाव्ह्याइतके सोपे उदाहरण मिळणार नाही.

मुक्तिसंग्रामाची स्थळे

हैदराबाद संस्थानातील लोकलढ्याचा येथे सविस्तर इतिहास सांगण्याचे कारण नाही. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसची स्थापना व तिच्यावरील बंदी, स्वामी रामानंद तीर्थांचे नेतृत्व, ७ ऑगस्ट १९४७चा भारतात सामील होण्याचा दिन, शिंदीची झाडे तोडण्याचे सत्याग्रह, करोडगिरी नाक्यांवरील हल्ले, रझाकारांचे अत्याचार आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ची पोलीस कारवाई, हा क्रम वाचकांस परिचित आहे. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचाच वकील होता, हेही अनेकांना माहीत असते. पाहण्याची स्थळे मात्र तितकी परिचित नाहीत.

बिलोली तालुक्यातील अर्जापूरजवळ ऑक्टोबर १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. मराठवाड्यातील मुक्तिसंग्रामाचे पहिले हुतात्मे म्हणून त्यांचा गौरव होतो आणि अर्जापूरचे महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते. कंधार परिसरातील कल्हाळीची गढी हे दुसरे स्थळ. तेथे अप्पासाहेब नाईक आणि त्यांचे सहकारी रझाकार व निजामाच्या फौजेशी झुंजताना धारातीर्थी पडले. ही चकमक सरहद्दीवरील छावणीतून येऊन केलेली नव्हती. गाव आपल्या घरात राहून लढले, आणि त्याची किंमत गावानेच मोजली.

उमरी हे नांदेडहून धर्माबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील गाव. ३० जानेवारी १९४८ रोजी येथील हैदराबाद स्टेट बँकेच्या शाखेवर मुक्तिसैनिकांनी छापा घातला आणि सुमारे वीस लाख रुपये ताब्यात घेऊन ते पैनगंगेपलीकडे, तेव्हाच्या वऱ्हाडातील उमरखेडच्या छावणीकडे नेले. त्याच सायंकाळी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. त्यामुळे या घटनेकडे देशाचे फारसे लक्ष गेले नाही. छाप्याचे साहस मुलांना आवडते आणि ते सांगितलेच पाहिजे. पण प्रौढ वाचकाने लक्ष द्यावे ते पुढच्या गोष्टीकडे : त्या काळी अवाढव्य असलेली ही रक्कम लढ्याच्या कार्यासाठी नेतृत्वाच्या स्वाधीन झाली आणि तिचा हिशोब ठेवला गेला. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणात उमरीचा उल्लेख व्हावयास हरकत नसावी.

लातूर जिल्ह्यात उदगीरनजीकचे हत्तीबेट-देवर्जन हे ठिकाण आहे. टेकडीतील कोरीव गुहा आणि गंगाराम महाराजांची समाधी यांसाठी लोक तेथे जातात. १९४७-४८ मध्ये याच टेकडीचा आणि भोवतालच्या खडकाळ मुलखाचा आश्रय सशस्त्र किसान दलाने घेतला होता. टेकडीवर उभे राहिले की चहूबाजूंचे रस्ते दिसतात. ठाणे म्हणून ही जागा का निवडली असेल, हे शिक्षकाने सांगावे लागत नाही.

जिल्ह्याच्या सीमेबाहेरील दोन स्थळे याच सहलीत घेता येतात. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग येथे १३ सप्टेंबर १९४८ रोजी, कारवाईच्या पहिल्याच दिवशी, सोलापूरहून निघालेली भारतीय फौज पोहोचली. तेथील चकमकीत शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तरसिंग यांनी प्राण वेचले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. दुसरे स्थळ बिदर जिल्ह्यातील गोरटा. मे १९४८ मध्ये रझाकारांनी तेथे मोठे हत्याकांड केले; २०२३ मध्ये तेथील नव्या स्मारकाचे उद्घाटन झाले.

शेजारच्या राज्यातील गोरटा लातूरच्या अभ्यासात कशाला, असे कोणी म्हणेल. पण १९४८ मध्ये उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले. लातूर जिल्हा तर १६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. किनवट त्या वेळी आदिलाबादेत होते. आजच्या जिल्ह्याच्या नावाखाली जुने दप्तर शोधू जाणाऱ्या शिक्षकाची निराशा होते ती याच कारणाने. कागद असतात, पण ते दुसऱ्याच जिल्ह्याच्या नावाने बांधलेले असतात.

कोणाची नावे, कोणाची नाहीत

१९८० ते १९८२ या काळात, मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या कारकिर्दीत, राज्यात दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारके बांधण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. बहुतांशी एकाच धर्तीच्या या वास्तू. नांदेड शहरात विसावा उद्यानातील स्मारकापाशी दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होते, मानवंदना दिली जाते. गावोगावच्या स्मारकांची अवस्था मात्र सर्वत्र सारखी नाही. कोठे स्वच्छता आहे, बाग आहे, वाचनालय चालते. कोठे कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे ते सांगता येत नाही. वर्षातून एकदा चुना लावणे म्हणजे देखभाल नव्हे. चुन्याचे हात एकावर एक चढून कोरीव अक्षरे बुजतात आणि नाव वाचता येईनासे होते. ज्या कारणासाठी वास्तू उभी केली तेच नाहीसे होते.

याहून गंभीर प्रश्न नावांच्या यादीचा आहे. पुढाऱ्यांची आणि सशस्त्र दलातील सैनिकांची नावे बऱ्याच अंशी नोंदली गेली. निरोप पोचविणारा महार-मांगांच्या वस्तीतील पोरगा, दळण घेऊन जाताना भाकरीची शिदोरी पोचविणारी बाई, छावणीतून परतताना तापाने गेलेला शेतगडी यांची नावे स्मारकावर क्वचितच दिसतात. १९४८ मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस आज शंभरीच्या घरात आहे. प्रत्यक्ष पाहिलेल्यांची साक्ष मिळण्याचे दिवस जवळजवळ संपले आहेत. आता उरली आहेत ती त्यांची मुले, घरातील जुनी पत्रे, निवृत्तिवेतनाचे अर्ज आणि शाळेचे जुने हजेरीपट. 'लढ्यासाठी शाळा सोडली' अशा मुलांचा माग या हजेरीपटांतून लागू शकतो. रद्दीच्या लिलावात ते जाऊ नयेत, एवढी काळजी मुख्याध्यापकांनी अवश्य घ्यावी.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. रझाकारांच्या अत्याचाराने मराठवाड्यातील हिंदू प्रजा होरपळली, हे सत्य आहे. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत सूडाच्या लाटेत असंख्य निरपराध मुसलमानांचे बळी गेले, हेही सत्य आहे. पंडित सुंदरलाल यांच्या अध्यक्षतेखाली भारत सरकारच्या वतीने १९४८च्या अखेरीस एक समिती संस्थानात फिरली. तिने मृतांची संख्या २७ ते ४० हजार असावी असा अंदाज केला आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व बिदर यांच्यासह नांदेडची गणना केली. अनेक दशके हा अहवाल अप्रकाशित राहिला. त्याच अहवालात, जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचविणाऱ्या हिंदूंचाही उल्लेख आहे. या मृतांचे स्मारक दोन्ही जिल्ह्यांत सहसा आढळत नाही. एखाद्या गावच्या पडक्या दर्ग्याशेजारी किंवा बुजलेल्या विहिरीपाशी मुले थांबली आणि त्यांनी विचारले, तर शिक्षकाने विषय बदलू नये. रझाकार ही एक सशस्त्र संघटना होती, गावचा मुसलमान विणकर म्हणजे रझाकार नव्हे, हा भेद वर्गात स्पष्ट केला नाही तर स्थळदर्शनाचा उपयोग होण्याऐवजी अपायच होईल.

भेटीची तयारी

सहल नेण्यापूर्वी शिक्षकाने एकदा एकट्याने स्थळ पाहून यावे. पावसाळ्यात खंदकांची आणि तटांची कडा निसरडी असते. उन्हाळ्यात दुपारी अकरानंतर बुरुजावर थांबवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तटावर नावे कोरणे, जुन्या तोफांवर चढणे, मातीत सापडलेला गोळा वा नाणे खिशात टाकणे यांस आधीच मनाई करावी. महाराष्ट्र प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम, १९६० याखाली संरक्षित स्मारकास इजा करणे हा गुन्हा आहे. गढ्यांची स्थिती वेगळी. त्या बहुधा खाजगी मालकीच्या असतात, संरक्षित यादीत नसतात आणि पांढरी माती म्हणून त्यांचे बुरुज खणून नेले जातात. अशा गढीचे निदान मोजमाप, आराखडा आणि छायाचित्रे तरी ग्रामपंचायतीच्या दप्तरी असावीत. दहावीच्या विद्यार्थ्यांकडून हे काम दोन दिवसांत होते.

साक्ष टिपून घेताना सांगणाऱ्याचे नाव, वय, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि टिपल्याची तारीख या चार गोष्टी सोडू नयेत. दोन साक्षी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहाव्यात. जुळवून एक करू नये. त्यानंतर १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेले नांदेड जिल्हा गॅझेटिअर आणि तालुक्याच्या दप्तरातील कागद यांच्याशी त्या ताडून पाहाव्यात. नवे नाव पुराव्यासह निष्पन्न झाले तर ग्रामसभेत ठराव करून ते जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठविण्याचा मार्ग मोकळा आहे.

लातूरकडील शाळांना पहिल्या दिवशी उदगीर व हत्तीबेट आणि दुसऱ्या दिवशी औसा व नळदुर्ग असा क्रम सोयीचा पडतो. नांदेडहून उमरीपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे अर्जापूर आणि बिलोली एका दिवसात पाहता येतात. कंधार आणि कल्हाळी यांना दुसरा दिवस लागतो. नाव्हा उत्तरेस, हदगावच्या बाजूला असल्याने त्याची भेट स्वतंत्र ठेवावी. तेथे जाणाऱ्यांनी गावातील वडीलधाऱ्यांना आगाऊ कळवून जावे, कारण गढीची हकीकत सांगणारा फलक पाहण्यापेक्षा ती त्यांच्या तोंडून ऐकणे अधिक उपयोगाचे आहे.